सहारे सरांच्या उसन्या वह्या

पुण्याहून गोंदियाला जाणारा माणूस एक तर रेल्वेतला असतो, नाहीतर तांदळाच्या धंद्यातला. मी दोन्हींपैकी कुणीच नाही. त्यामुळे गाडीत समोर बसलेल्या गृहस्थांनी मला तीनदा विचारलं, "गोंदियात कोण असतं तुमचं?" तिसऱ्यांदा मी म्हटलं, "सहारे सर. ते वारले." मग स्टेशन येईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही, उलट दोन संत्री सोलून हातावर ठेवली. मला काही वाईटबिईट वाटलं नाही, कारण मी अगदीच खोटं बोलले नव्हते.

मी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयाच्या दप्तर विभागात काम करते. लेखक किंवा अभ्यासक वारले की त्यांच्या घरी जायचं, त्यांचे कागद मागायचे, झाडायचे, नंबर घालायचे, शिक्के मारायचे आणि पेट्या भरून पुण्याला आणायच्या, हे माझं एकतीस वर्षांचं काम. मैत्रिणी मला ‘तेराव्याची पाहुणी’ म्हणतात.

सहारे सर गोंदियातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. समीक्षक म्हणून त्यांचा दरारा असा, की ज्याच्या पुस्तकावर ते लिहिणार तो लेखक महिनाभर पोस्टमनला टाळायचा. पण नुसती समीक्षा करून गप्प बसेल तो माणूस कसला! गावचे तलाव कुणी बांधले, सारस पक्षी कुठल्या शेतात अंडी घालतो, झाडीबोलीत ‘का’ विचारायचे किती प्रकार, बौद्ध वस्तीतली लग्नाची गाणी कशी बदलत गेली, सगळ्यांवर त्यांनी लिहिलं. शेवटची काही वर्षं त्यांनी दंडारीला दिली. दंडार म्हणजे तिकडचं गावचं नाटक. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्रा, आणि तिथे गावातलेच पुरुष लुगडी नेसून, ढोलकीवर नाचून-गाऊन ते करतात. सरांनी त्यावर मोठा निबंध लिहिला होता, तो छापायचा राहिला. तो सगळा निबंध एका हस्तलिखित वहीवर उभा होता.

सर गेल्यावर वर्षाने त्यांच्या बायकोचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी: ‘कागद घेऊन जा. उंदीर वाचून राहिले.’ आमचे संचालक मला म्हणाले, "बाकी काही राहिलं तरी चालेल, पण दंडारीची ती वही सोडू नका." झालं, मी बॅगेत शिक्का टाकला आणि निघाले.

मुर्री, सोमवार

स्टेशनबाहेर रिक्षावाला म्हणाला, "मुर्री जाना है ना? बैठिए मॅडम, सहारे सर के यहाँ छोड़ देता हूँ." मी पत्ता सांगितलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "पुणे की बॅग दिख रही है." बॅगेवर पुण्याचं नाव कुठे लिहिलं होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मुर्री म्हणजे गोंदियाच्या कडेचं गाव. एका बाजूला नवे बंगले, दुसऱ्या बाजूला कापणीला आलेला धान. नोव्हेंबर होता, हवेत भाताच्या काडाचा वास होता आणि उन्हात बसावंसं वाटेल इतपत गारवा. सरांच्या पत्नी शकुंतलाताई दारातच उभ्या होत्या. वय सत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, आवाज अजून वर्गातलाच.

"जयभीम. आधी जेवा. कागद कुठं पळून नाही जात."

आम्ही पुण्याचे लोक भात शेवटी, तोही मूद पाडून खातो. इथे ताटात आधी भाताचा डोंगर आला, त्यावर लाखोरीची डाळ, बाजूला टमाटरची चटणी. मी पोळीची वाट बघत बसले. ताई म्हणाल्या, "कायले थांबून राहिल्या? हेच जेवण आहे." मग मी असा भात चोपला की दुपारी कागदांसमोर बसल्यावर डोळे मिटायला लागले.

कागद तीन ट्रंकांत आणि एका ढोलीत होते. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. धान नसायचं त्या दिवसांत सरांनी तिच्यात कागद भरायला सुरुवात केली आणि नंतर धानाला जागाच उरली नाही. पत्रं, परीक्षणांचे कच्चे खर्डे, सारसांच्या अंड्यांची मोजणी, शब्दांच्या चिठ्ठ्या. आणि जिकडेतिकडे लाल बॉलपेन. हा मनुष्य समोर आलेला कागद तपासल्याशिवाय सोडतच नसे! लग्नपत्रिका तपासलेल्या, कॉलेजच्या नोटिसा तपासलेल्या, औषधाच्या खोक्यातल्या सूचनांवरसुद्धा ‘वाक्य सैल’ असा शेरा.

"लग्नाच्या आधी मी त्यायले एक पत्र लिवलं होतं," ताई म्हणाल्या. "तपासून परत आलं. दहापैकी सहा."

"मग लग्न कसं केलंत तुम्ही?"

"पुढच्या पत्राले आठ भेटले ना."

मुर्री, मंगळवार

दंडारीची वही ढोलीच्या तळाशी मिळाली. लांबट, रोजमेळासारखी, पुठ्ठ्याला कापड चिकटवलेलं. जांभळ्या शाईत सुबक मोठ्या अक्षरात आख्खं नाटक, आणि समासात सरांचा लाल मजकूर, काही पानांवर तर मूळ मजकुराहून जास्त. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. एका गावच्या नाटककाराची मूळ वही आणि तिच्यावर एवढ्या मोठ्या समीक्षकाचं टिपण, एकाच कागदावर! अशी वस्तू माझ्या हाताला कधी लागली नव्हती.

मी ताबडतोब शिक्का काढला. ग्रंथालयाचा शिक्का दोन ठिकाणी मारायचा असतो: पहिल्या पानावर उघडपणे, आणि सतराव्या पानावर गुपचूप, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी चोरी पकडता येते. मी ठाप ठाप करत सुटले. दुपारपर्यंत ट्रंकांतल्या आणि ढोलीतल्या सगळ्या वह्या ‘संस्थेची मालमत्ता’ झाल्या.

ताई चहा घेऊन आल्या. त्यांनी एक वही उचलली आणि सरळ शेवटचं पान उघडलं. मग दुसरीचं उघडलं, मग दंडारीच्या वहीचं. कप खाली ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

तिन्ही वह्यांच्या शेवटच्या पानावर सरांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती. कुणाकडून आणली, गाव कोणतं, आणि खाली अधोरेखित: ‘परत करायची.’ आम्ही पहिलं पान बघतो आणि सतरावं बघतो. शेवटचं पान बघायचं आम्हाला एकतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. लोकांच्या घरच्या वह्यांवर मी आमच्या मालकीचे शिक्के ठोकून बसले होते. कानापर्यंत लाल झाले असणार मी, कारण ताईंनी चहाऐवजी आधी पाणी दिलं.

"जाताना ते मले म्हणाले, लोकायचं ते लोकायले दे. बाकी पुण्याले जाऊ दे. मी तुमची वाट बघून राहिली होती, कारण ढोलीत उतरणं माझ्या गुडघ्याले होत नाही. आता आधी या तीन वह्या पोचवू, मंग पेट्या उचला."

"पण ताई, दंडारीची वही... तिच्यावर तर सरांचं सगळं काम आहे."

"त्याच वहीचा तर घोर आहे मले." त्या खाली बसल्या. "सालेकशाकडल्या सुकाजीची आहे ते. त्यानंच लिवली. यायले वाचायले देली आणि विचारलं, सर, कशी वाटली ते सांगजा. दर मंडईच्या आधी तो इथं यायचा. हे म्हणायचे, थांब सुकाजी, वाचून राहिलो. अन् खरंच वाचून राहिले होते, वाचणं संपतच नव्हतं त्यायचं. सुकाजी वाट बघत मेला. त्याचा पोरगा मनसाराम मयतीले आला, पण घरात पाणी नाही पिला."

संध्याकाळी मी संचालकांना फोन केला. मुर्रीत मोबाइलला एकच दांडी येत होती, तीही पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिल्यावर. ते म्हणाले, "त्यांना झेरॉक्स द्या, मूळ वही इकडे आणा. समजावा त्यांना. तुम्हाला येतं ते." येतं खरं. विधवांना, मुलांना, भावकीला समजावून मूळ कागद नेण्यातच माझी हयात गेली आहे. मी मनाशी ठरवलं: ताईंबरोबर जायचं, गोड बोलायचं आणि वही घेऊनच परत यायचं.

पहिली वही तीन घरं सोडून होती. गौतमाबाई नावाच्या बाईंची, लग्नाच्या गाण्यांची. मी शिक्क्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं, खाली सही केली, सतराव्या पानावरही केली. त्या सगळं टक लावून बघत होत्या. "एवढी सही तर माझ्या लग्नातबी कोनी केली नोयती," म्हणाल्या आणि मला दोन गाणी ऐकवूनच सोडलं. सुरुवात तर बरी झाली.

देवरीच्या वाटेवर, बुधवार

आमगावला आलूबोंडे खाऊन आम्ही देवरीची बस धरली. आलूबोंड्याबरोबर वाटीत लाल तर्री देतात. मी ती चटणी समजून चमच्याने प्यायले आणि पुढचे सात किलोमीटर खिडकीबाहेर तोंड काढून बसले. ताई शांतपणे म्हणाल्या, "बुडवून खातात ते."

त्या आता मला ‘अगं’ म्हणायला लागल्या होत्या. पुण्यात दोन दिवसांच्या ओळखीत कुणी मला ‘अगं’ म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते सांगत नाही. इथे मात्र बरं वाटलं.

देवरीच्या अलीकडे उतरून आत चाललो. दोन्हीकडे साग, मधूनच मोहाची झाडं, आणि एकदम समोर तलाव. असा तलाव, की त्याचं दुसरं टोक शोधावं लागतं. पाणकमळं, काठाला बगळे, आणि पाळीवर चिंचेची रांग. पाळ म्हणजे तलावाचा बांध. दुसरी वही पाळीखालच्या घरातल्या एका कोहळी शेतकऱ्याची होती. यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले, आणि आजही कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते घरातली माणसं वहीत लिहून ठेवतात.

शेतकरी म्हणजे उंच, सावकाश बोलणारे आजोबा. त्यांनी वही उघडली, सरांचा लाल शेरा वाचला आणि हसायलाच लागले. शेरा होता: ‘पाणी सोडायची ही पाळी मध्येच का बदलली? कोण भांडलं?’

"कोनी नाई भांडलं जी. बैल मेला होता त्याचा. त्याच्या शेताले आधी पानी देल्लं." मग माझ्याकडे बघून, "लिवता का?" मी माझ्या टाचणवहीत लिहून घेतलं. त्यांना वहीतल्या शिक्क्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, "तहसीलचे शिक्के बी असेच राहतात. पानी काही थांबत नाई त्यानं."

पाळीवरून तलाव बघायच्या हौसेने मी चप्पल काढून उतारावर गेले आणि थेट चिखलात बसले. बसले म्हणजे अगदी मांडी घालून. आजोबांच्या सुनेने मला ओढून काढलं, न्हाणीत नेलं आणि स्वतःचं लुगडं दिलं. ते नेसूनच मी जेवले: तांदळाची भाकर, झिंग्यांची चटणी आणि कोचईच्या पानांच्या वड्या. कोचई म्हणजे आपलं अळू. आपल्याकडे अळूवडी चहाबरोबर दोन मिळतात, इथे ती परात भरून येते. ताई माझ्या लुगड्याकडे बघून म्हणाल्या, "आता पुण्याची बॅग नाही दिसून राहिली."

परतताना बसमध्ये मी मनसारामशी काय बोलायचं ते जुळवत होते. ‘तुमच्या वडिलांचं नाव पुण्यात राहील,’ हे वाक्य नेहमी चालतं. ‘इथे उंदीर, वाळवी, पाऊस,’ हेही चालतं. ताईंनी अचानक विचारलं, "काय पाठ करून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही." त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं पोरं शिकवली मी. पाठ करणारीचे ओठ हलतात."

सालेकसा, गुरुवार

सकाळच्या पॅसेंजरने सालेकशाला उतरलो. इथून पुढे डोंगर जवळ येतात आणि गाडीतली भाषाही छत्तीसगडीकडे झुकते. एका टेम्पोने आम्हाला फाट्यापर्यंत सोडलं, पुढे दोन किलोमीटर चालत. शेतांत कापणी चालली होती, बायका पेंढ्या बांधत होत्या, आणि आम्हाला बघून प्रत्येक जण विचारत होता, "कोनाकडं?" ताई प्रत्येकाला थांबून पूर्ण उत्तर देत होत्या, त्यामुळे आम्ही पोचायच्या आधी आम्ही येतोय ही बातमी पोचली होती.

मनसाराम अंगणात उभा होता. पंचावन्नचा असेल, काटक, हातात विळा तसाच. त्याने ताईंना वाकून नमस्कार केला, मला नुसती मान हलवली. ताईंनी पिशवीतून वही काढून त्याच्या हातात दिली.

त्याने विळा ठेवला, हात धोतराला पुसले आणि वही घेतली. पहिलं पान उघडलं. तिथे अर्थातच माझा शिक्का.

"हे काय हाय?"

मी सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं, आणि त्याच्यासमोर रेघ मारून दोन्हीकडे ‘रद्द’ लिहिलं. त्याने वही परत घेतली. मग पान उलटलं, आणखी उलटलं. लाल, लाल, लाल.

"हे सारं सरायनं लिवलं? माझ्या बापाच्या वहीवर?" आवाज चढला होता. "आमी वहीले पाय लागू देत नाई. मंडईच्या आधी पूजा करतो तिची. वही नोयती तं तोंडपाठ खेळलो आमी, अर्धे गाने इसरलो. अन् ह्यायनं शाळेच्या पोराची वही तपासल्यावानी तपासली?"

ताई म्हणाल्या, "हो मनसाराम. चुकलंच त्यायचं. मले पत्रबी असंच तपासून यायचं."

मनसाराम वही घेऊन खाटेवर बसला. म्हणाला, "काय लिवलं ते तरी वाचा. हे अक्षर मले नाई लागत. बाप मरेपर्यंत एकच इचारत होता, सरायले कशी वाटली म्हून."

माझं पाठ केलेलं भाषण बाजूला राहिलं. मी वही घेऊन वाचायला बसले.

सरांनी हातचं काही राखलं नव्हतं. ‘इथे राजा फार बोलतो. ढोलकीवाल्याला झोप येईल.’ मनसाराम फिस्कन हसला: "खरं हाय. थो ढोलकीवाला झोपतेच तिथं." पुढे: ‘ही ओळ उत्तम. अशी ओळ मला सुचली असती तर मी समीक्षक झालो नसतो.’ ती त्याने मला तीनदा वाचायला लावली. पुढे: ‘विदूषक पहिल्या प्रवेशातल्यापेक्षा बरा, पण दारूचा विनोद दुसऱ्यांदा नको.’ "नाई, नाई," मनसाराम तावातावाने म्हणाला, "दारूवरच तं लोक हासतात! सर मांगं बसत होते, त्यायले काय दिसते!" तो मेलेल्या माणसाशी असा भांडत होता, जणू सर खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेत. शेजारचे दोन-तीन जण येऊन बसले, चहा आला, धान कापणाऱ्या बायका कुंपणाशी थांबल्या. मनसारामने पाणी मागवलं आणि ताईंना आपल्या हाताने दिलं. ताईंनी ते पिऊन टाकलं आणि पदराने डोळे पुसले. मला इतकं छान वाटत होतं की आपण इथे कशाला आलोय ते मी विसरले होते.

मग मधलं पान आलं. नाटकात माय असते, तिची लहान मुलगी तापाने जाते. तिथे मायचं रडणं आहे, गाण्यातलं, तब्बल तीन पानं. मनसाराम म्हणाला, "हे माय मी करतो. तीस वर्सं झाली. पुऱ्या मंडईले रडवतो." मग जरा खालच्या आवाजात: "माझी मोठी बहीण होती. चार वर्साची होऊन गेली, पावसाळ्यात. मी जन्मलो बी नोयतो. बापानं तिच्यावर लिवलं हे."

मी समास बघितला आणि थांबले. वाचावं की नाही कळेना. ताईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाल्या, "वाच. तो विचारून राहिला ना."

मी वाचलं: ‘सुकाजी, ही आई इतका वेळ रडणार नाही. रोवणा आहे. तिला भात लावायला जायचं आहे.’

मनसारामचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा वही फेकतो. पण तो उठला, घरात गेला आणि एका म्हाताऱ्या बाईंना हाताला धरून बाहेर घेऊन आला. त्याची आई, सोनाबाई. डोळे अधू, कान मात्र शाबूत. तिला उन्हात बसवून तो म्हणाला, "माय, सरायनं लिवलं ते आयक. मॅडम, पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

सोनाबाईंनी जरा वेळ उन्हाकडे तोंड करून ठेवलं. "बरोबर लिवलं त्या मास्तरनं," त्या म्हणाल्या. "मी नाई रडली येवढी. तुझा बाप रडला. रोवना लागला होता, धानाचं पऱ्हं उपटून ठेवलं होतं, सुकून गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मी चिखलात होती."

"मंग तू रडलीच नाई, माय?"

"रडली ना. रोवना सरल्यावर."

कुंपणाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी एक जण तिथेच खाली बसली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. ताईंनी सोनाबाईंचा हात आपल्या हातात घेतला.

मनसाराम मला म्हणाला, "मॅडम, लिवा हे. सरायच्या खाली."

आमच्या वाचनकक्षात कुणी जुन्या कागदाजवळ पेन आणलं तर मी त्याला दारापर्यंत सोडून येते. तिथे त्या खाटेवर मी माझ्याच पेनाने, त्या समासात, लाल शेऱ्याच्या खाली लिहिलं: ‘रडली. रोवणा सरल्यावर.’ आणि पुढे सोनाबाईंचं नाव. त्यांनी मला ते वाचून दाखवायला लावलं, मग मान डोलावली.

पुढचं वाचून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मनसारामने वही कापडाच्या धडप्यात गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "न्या," तो म्हणाला. "बापानं सरायले वाचाले देल्ली होती. आता वाचून झाली. ताई म्हनत होती, पुण्याले पाहिजे म्हून. आमाले झेराक्स चालते."

चार दिवस मी याच वाक्यासाठी फिरत होते. मला काही समजवावंही लागलं नव्हतं. मी वही त्याच्याकडे परत दिली.

"नाही नेता येणार. आमच्याकडे नियम आहे. लिहिणं संपलेले कागदच दप्तरात घेतात. ज्याच्यात अजून लिहिलं जातंय, ते ज्याचं त्याच्याजवळ राहतं. मला झेरॉक्स द्या."

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "असा नियम आहे?"

"आहे," मी म्हटलं. आणि तो खरोखरच आहे. संचालकांना काय सांगायचं ते गाडीत ठरवू म्हटलं.

मनसारामचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने वही पुन्हा उघडून ते मधलं पान काढलं होतं, आणि शेजारी बसलेल्या ढोलकीवाल्याला सांगत होता, "या मंडईले माय रडनार नाई. आधी रोवन्याले जाईल. चाल बदलावं लागते तुले." मग त्याने अंगठ्याने दाबून त्या पानाचा कोपरा चांगला दुमडला, खुणेसाठी. एरवी पान दुमडणाऱ्यालाही मी दारापर्यंत सोडून येते.